शेवटच्या कडव्यातला वामन

माझ्या मोबाइलमध्ये ‘वामनदादा’ नावाचा एक फोल्डर आहे. त्यात वामनदादा कर्डकांच्या १९ गाण्यांची ६३ रेकॉर्डिंग्ज आहेत. काही यूट्यूबवरून घेतलेली, काही मामाच्या जुन्या कॅसेटवरून उतरवलेली आणि बरीचशी मी स्वतः चिखलीत आणि आसपासच्या गावांत, भीमजयंतीच्या कार्यक्रमांत स्टेजजवळ उभं राहून केलेली. एकच गाणं नऊ गायकांच्या आवाजात ऐकायचं आणि त्यातलं आवडलेलं मित्रांना पाठवायचं, हा माझा चार-पाच वर्षांचा नाद.

गेल्या एप्रिलमध्ये या नादाला ठेच लागली. एका गायन पार्टीचं रेकॉर्डिंग मी रात्रीच ग्रुपवर टाकलं. आवाज खणखणीत, ढोलकी जोरात, लोक उठून नाचत होते. सकाळी अकरावीतल्या एका पोराचा मेसेज आला, ‘दादा, हे गाणं वामनदादांचं कसं? शेवटी तर गाणाऱ्याचंच नाव येतंय.’ मी पुन्हा ऐकलं. खरंच. शेवटच्या कडव्यात जिथं ‘वामन’ यायला हवं, तिथं गायकानं बेमालूम स्वतःचं नाव बसवलं होतं. मात्रा चुकत नव्हत्या, म्हणून मलाही ते खटकलं नव्हतं. आणि मी ते दीडशे जणांना पाठवून बसलो होतो.

वामनदादांच्या गाण्याची मूळ आवृत्ती कोणती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. सिनेमाच्या गाण्याला एक पहिली ध्वनिमुद्रिका असते आणि बाकीचे गायक तिच्याशी मोजले जातात. इथं तसं नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा माणूस शाळेत शिकला नव्हता. अक्षरओळख झाली ती मुंबईत, मोठेपणी. पहिलं गाणं त्यांनी १९४३ साली रचलं, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवर विडंबन म्हणून. पुढेही कित्येक गाणी त्यांनी लोकांच्या ओठांवर असलेल्या चालींवर बांधली. म्हणजे जिला आपण ‘मूळ’ म्हणतो, ती चाल बऱ्याचदा दुसऱ्याची आणि शब्द त्यांचे. चाल ओळखीची असली की गाव दुसऱ्या ओळीलाच सूर धरतं, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्याही डोक्यात शब्द राहतात. स्वतः उशिरा वाचायला शिकलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अमेरिकेत वूडी गथ्री हेच करत होता. जुन्या लोकगीतांच्या चाली घ्यायच्या आणि त्यांवर मजुरांचे, स्थलांतरितांचे शब्द चढवायचे. तो १९६७ साली वारला. चाली न राहिलेली त्याची बरीच गाणी कागदावर पडून होती. त्यातल्या काहींना बिली ब्रॅग आणि विल्को यांनी नव्या चाली दिल्या, आणि १९९८ साली ‘मर्मेड ॲव्हेन्यू’ हा अल्बम आला. चाली पूर्णपणे नव्या, पण शब्द गथ्रीचे आहेत हे कुणी लपवलं नाही. उलट तीच त्या अल्बमची ओळख ठरली.

म्हणून चाल बदलण्याबद्दल माझी तक्रार नाही. फोल्डरमधल्या एका गाण्याच्या तीन आवृत्त्या बघा. पहिली कव्वालीच्या ढंगातली. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजानं या गाण्यांना जी उंच पट्टी आणि फेक दिली, तिचा वारसा सांगणारी. गायक एकेक ओळ चार-चार वेळा फेकतो आणि प्रत्येक वेळी वेगळ्या शब्दावर जोर देतो. त्यामुळे एकाच ओळीचे दोन-तीन अर्थ कळतात. दुसरी डीजेची. इथं ठेका इतका वर आहे की क्रियापदं ऐकूच येत नाहीत, उरतात ती फक्त नामं. मिरवणुकीला ती चालते, नाचायला मलाही आवडते, पण वामनदादांच्या गाण्यात एक युक्तिवाद असतो. आधी काय होतं, मग काय बदललं, कुणामुळे बदललं. क्रियापद बुडालं की युक्तिवाद बुडतो आणि मागे नुसता जयजयकार उरतो. तिसरी आवृत्ती एका आजीची. विहाराच्या पायरीवर बसून, साथीला काही नाही, मध्येच खोकला. तिनं गाणं ओवीसारखं संथ केलंय. माझ्या मते तिन्हींत हीच उजवी, कारण तिच्यात प्रत्येक शब्द ऐकू येतो आणि शेवटी ‘वामन’ही येतो.

ते नाव इतकं का महत्त्वाचं? ‘तुका म्हणे’, ‘चोखा म्हणे’ ही आपली जुनी रीत आहे. नाममुद्रा ही गाण्याच्या आतच शिवलेली सही. कॅसेटचं कव्हर हरवतं, यूट्यूबवर गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ लिहिलं जातं, पण कडव्यातलं नाव गाण्याबरोबर चालत राहतं. ज्यांच्याकडे छापखाना नव्हता त्यांनी शोधलेली ही नोंदवही आहे. तुकोबांचा अभंग गाताना कुणी कीर्तनकार स्वतःचं नाव घालेल का? लोक हसतील. मग वामनदादांच्या बाबतीत टाळ्या का पडतात?

हे मी मामाला विचारलं. तो तरुणपणी गायन पार्टीत हार्मोनियम वाजवायचा. तो म्हणाला, “अरे, आम्ही काय कागद पाहून गाणं शिकलो काय? ज्याच्या तोंडून आयकलं, त्याचं. गाणं लोकायचं झालं म्हंजे झालं. तुले कायले हिशोब पाह्यजे?”

मामाचं म्हणणं मला सहज खोडून काढता येत नाही. गाणं असं हातोहात गेलं नसतं, तर चिखलीपर्यंत आलंच नसतं. कायद्याच्या भाषेत बोलायचं तर गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले, म्हणजे २०६४ सालापर्यंत. पण जयंतीत फुकट गाणाऱ्या पोरांना कायदा दाखवणं मला शोभत नाही. माझा मुद्दा पैशाचा नाही. ‘लोकांचं गाणं’ आणि ‘कुणाचंच नसलेलं गाणं’ यांत फरक आहे. ज्या समाजाच्या माणसांची नावं पिढ्यान्‌पिढ्या कागदावर आली नाहीत, त्यांच्याच कवीचं नाव आपणच पुसावं, हे मला सहन होत नाही.

नंतरचे दोन महिने मी फोल्डर नीट लावला. ६३ पैकी ३४ आवृत्त्यांत शेवटचं कडवं शाबूत आहे, २४ मध्ये ते गाळलंय आणि पाचांत नाव बदललंय. नाव चोरणाऱ्यांपेक्षा कडवं गाळणारे पाचपट, हे मला अपेक्षित नव्हतं. वेळ कमी, पुढचं गाणं लावायचंय, श्रोते कंटाळलेत, म्हणून कात्री लागते ती नेमकी शेवटाला. आता मी प्रत्येक फाइलच्या नावात गीतकार, गायक, गाव आणि साल लिहितो. कडवं गाळलेलं असलं तर तेही लिहितो आणि मगच पुढे पाठवतो. ती पाच रेकॉर्डिंग्जही डिलीट केली नाहीत. गाण्यावर काय काय झालं, त्याचा तोही पुरावा आहे.

मामाची कॅसेट त्या चोविसांत निघाली. गाणं अर्ध्यात असतानाच तिची बाजू संपते. मामानं हे गाणं त्याच कॅसेटवरून उचललेलं, म्हणून तीस वर्षं तो ते तेवढंच गात आला. मी वामनदादांच्या संग्रहातून शेवटचं कडवं त्याला वाचून दाखवलं. त्यानं दोनदा म्हणायला लावलं, पेटी काढली, धूळ पुसली आणि पहिल्यापासून गायला लागला. नावापाशी आल्यावर थांबला. “हे त आमाले कोणी सांगतलंच नोतं,” म्हणाला, आणि ते कडवं परत घेतलं.

ते रेकॉर्डिंग चौसष्टावं. आवाज फाटलाय, पेटीचा एक सूर बसतो. ग्रुपवर टाकलंय.