मोनेचा सूर्य किती उजळ?

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे 'इम्प्रेशन, सनराइज' हे १८७२ सालचे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पुस्तकात पाहिले असेल. ल हाव्र बंदरातली ही सकाळ. सगळीकडे निळसर-करडे धुके, त्यात पुसट डोलकाठ्या आणि धुराडी, पुढे दोन-तीन होड्या आणि वर नारिंगी सूर्याची लहानशी चकती. तिच्याकडे पाहत राहिले की सूर्य थरथरतो आहे असे वाटते.

ही थरथर येते कुठून? सूर्य आकाशापेक्षा बराच उजळ रंगवला असणार, असे आपण गृहीत धरतो. आता चित्राची कृष्णधवल प्रत काढा. मोबाइलवर रंग काढून टाकले तरी चालेल. सूर्य जवळजवळ नाहीसा होतो! (छपाईनुसार थोडा फरक पडेल.) म्हणजे सूर्य आणि भोवतालचे आकाश यांचे रंग वेगळे, पण उजळपणा जवळपास सारखा.

हार्वर्ड विद्यापीठातील मेंदूवैज्ञानिक मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी याचा खुलासा केला आहे. मेंदूच्या दृष्टियंत्रणेचा एक भाग वस्तूची जागा व हालचाल टिपतो. त्याला रंग जवळजवळ कळत नाहीत, उजळपणातला फरक तेवढा कळतो. दुसरा भाग रंगही ओळखतो. पहिल्याला हा सूर्य सापडत नाही, दुसऱ्याला ठळक दिसतो. म्हणून सूर्याची जागा नक्की ठरत नाही.

१८७४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात समीक्षक लुई लेरॉय यांनी हे चित्र अर्धवट ठरवून त्याची थट्टा केली. त्यातूनच 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव रूढ झाले. अर्धवटपणाचा आरोप मला पटत नाही. होड्या पाहा: जवळची गडद, पुढची फिकट, त्यापुढची त्याहून फिकट. ही उतरण हिशेबानेच साधली आहे. गडद होडीवर नजर टेकते, सूर्यावर टेकत नाही. स्थिर आणि अस्थिर यांच्या या ताणातूनच नुकत्याच जाग्या होणाऱ्या बंदराचा भाव उमटतो.

मोनेला मेंदूचे हे शास्त्र ठाऊक नव्हते. त्याने डोळ्यांवर विश्वास ठेवला. आणि शास्त्र थरथर का वाटते ते सांगते, ती हवीहवीशी का वाटते ते नाही. म्हणून वर्गात प्रयोग नंतर करावा. आधी दोन मिनिटे मुलांना चित्र नुसते पाहू द्यावे आणि विचारावे: तुमची नजर कुठे थांबली?