१० जुलैला गवत किती उंच असतं?

गवतावर पीएचडी करणारीने टीव्हीवरच्या इतिहासाबद्दल कशाला बोलावं, असं तुम्ही म्हणाल. सांगते. आम्ही गवत वाळवून कागदावर चिकटवतो आणि खाली लेबल लावतो: ठिकाण, तारीख, कुणी गोळा केलं. लेबल नसेल तर नमुना कितीही देखणा असो, आमच्या लेखी तो चारा. टीव्हीवरचे इतिहासाचे विशेष कार्यक्रम पाहताना मी नेमकं हेच शोधते. हे कोण सांगतंय? कशावरून?

या कसोटीवर दूरदर्शनची 'भारत एक खोज' अजूनही टिकते. श्याम बेनेगलांची ही ५३ भागांची मालिका १९८८ मध्ये सुरू झाली. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, यूट्यूबवर पाहिली. तिचा आधार असलेलं पुस्तक नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलं, आणि मालिका ते लपवत नाही. रोशन सेठ नेहरू होऊन मध्येच समोर येतात नि बोलतात. म्हणजे लेबल सतत पडद्यावर. ओम पुरी कधी अशोक, कधी अलाउद्दीन खिलजी. शिवाजी महाराजांच्या भागात नसीरुद्दीन शाह महाराज, तर ओम पुरी औरंगजेब. तोच चेहरा पुन्हा दिसला की लक्षात येतं, अरे, हे नाटक आहे, कुणीतरी रचलेलं. मला यात उणेपणा वाटत नाही, प्रामाणिकपणा वाटतो. महाभारताच्या भागांत तर तीजनबाईंची पंडवानी आहे. लोककला तिथे मधल्या वेळेची करमणूक म्हणून येत नाही, ती स्वतःच कथा सांगते.

दोषही आहेत बरं का. लढाया स्टुडिओत आटोपल्यासारख्या वाटतात, आणि काही भाग इतके संथ की मी चहा करून आले तरी संवाद तोच चाललेला.

आता आपल्या जिल्ह्याचं. १० जुलै १९३० ला पुसदजवळ बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला आणि त्यांना अटक झाली. विदर्भाला समुद्र नाही, मिठाऐवजी जंगलाचा कायदा मोडायला घेतला. गुरांसाठी गवत, चुलीसाठी लाकूड हा इथल्या माणसाचा रोजचा प्रश्न होता. २०३० मध्ये याला १०० वर्षं होतील, तेव्हा सार्वजनिक वाहिनीवर विशेष कार्यक्रम व्हायलाच हवा. पण मला भीती आहे ती पहिल्याच दृश्याची: कमरेएवढं सोनेरी गवत, संथ गतीत चमकणारा विळा, मागे बासरी.

तसं गवत जुलैत नसतं हो! आपल्याकडे पाऊस साधारण जूनच्या मध्याला येतो. १० जुलैपर्यंत गवताला जेमतेम तीन-चार आठवडे मिळतात, तेही पाऊस वेळेवर आला तर. कुसळी, पवन्या फुलोऱ्यावर येतात पावसाळ्याच्या शेवटाला, सोनेरी होतात त्याच्याही नंतर. म्हणजे त्या दिवशीचं गवत कोवळं आणि आखूडच असणार. किती मिळालं याला फारसं महत्त्व नसावं, हात लावला हाच गुन्हा होता. सोनेरी गवत दाखवलं की तो कापणीचा हंगाम होतो आणि सत्याग्रहाचा मुद्दाच निसटतो.

आणि हा सत्याग्रह एका पुढाऱ्याच्या चरित्रात बसवू नका. ज्यांची गुरं त्या रानात चरत होती, त्यांच्या बाजूने सांगायचं तर आपल्याकडे कोलाम-गोंडांची दंडार आहे. तिला शेवटी दोन मिनिटं नाचायला न बोलावता, पंडवानीसारखं मधोमध उभं करून सांगू द्या की. सांगणारा कोण हे मग वेगळं लिहावं लागणार नाही.

येत्या १० जुलैला मी पट्टी घेऊन पुसदच्या रानात जाणार आहे. अर्थात परवानगी काढून, राखीव जंगल आहे ते. उंची मोजून पुढच्या लेखात आकडे देते, फोटोसकट. आणि लेबलसकट.