ऑनलाइन भूमिकाधारी खेळ आणि वेळेचे मोल : दशावतारी रात्रीच्या संदर्भात

मासिक वर्गणी भरून संगणकावर खेळल्या जाणाऱ्या भूमिकाधारी खेळांविषयी आपल्या महाविद्यालयीन वर्तुळात चर्चा होते ती बहुधा व्यसन, दृष्टिदोष आणि परीक्षेचा निकाल या तीन अंगांनी. ती चर्चा निरर्थक नाही. परंतु ती समीक्षा नव्हे. हा खेळ एक रचना म्हणून कसा आहे, तो खेळणाऱ्याकडून काय घेतो, त्याला काय देतो, आणि या देवाणघेवाणीत त्याचा वेळ सार्थकी लागतो काय, हा प्रश्न समीक्षेचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

सिंधुदुर्गातील अध्यापकाला हा प्रश्न थोडा वेगळा दिसतो. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की आपल्या गावोगावी मध्यरात्रीच्या सुमारास दशावतार उभा राहतो आणि पहाटे दहीकाला होईपर्यंत चालतो. देव, राक्षस, राजे आणि ऋषी यांच्या भूमिका घेऊन केलेला हा खेळ आपली अख्खी रात्र घेतो. तरी ‘रात्र फुकट गेली’ असे आपण सरसकट म्हणत नाही. आख्यान रंगले नाही तरच म्हणतो. म्हणजे वेळ किती गेला यावर आपला निवाडा अवलंबून नसतो. नाट्यशास्त्रातील उत्पत्तिकथेतही देव ब्रह्मदेवाकडे मागतात ते ‘क्रीडनीयक’, म्हणजे पाहता आणि ऐकता येईल असे खेळणेच. तेव्हा ‘खेळ’ म्हणून एखाद्या गोष्टीला कमी लेखण्याचा अधिकार निदान नाट्याच्या अभ्यासकाला तरी नाही.

या खेळांची वंशावळ विद्यापीठातच सुरू होते. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी केवळ शब्दांवर चालणारे एक सामायिक जग संगणकावर उभे केले. त्याला ‘मड’ असे नाव पडले. पुढे ‘अल्टिमा ऑनलाइन’ (१९९७) आणि ‘एव्हरक्वेस्ट’ (१९९९) यांनी मासिक वर्गणीची पद्धत रुळवली. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने तर २०१० मध्ये एक कोटी वीस लाख वर्गणीदारांचा टप्पा गाठला. भारतासाठी या खेळाचा स्वतंत्र सर्व्हर कधीच नव्हता. त्यामुळे आपल्याकडील खेळाडूला परदेशी सर्व्हरवर, परदेशी घड्याळाप्रमाणे खेळावे लागले. युरोपातील मंडळी हिवाळ्यात रात्री आठला मोहिमेवर निघाली की आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात. दशावताराचा मृदंग घुमू लागण्याची वेळही साधारण हीच, हा योगायोग गमतीचा खरा.

या खेळांचे समर्थक एक हिशेब नेहमी मांडतात. महिन्याची वर्गणी १४.९९ डॉलर, म्हणजे सुमारे तेराशे रुपये. निक यी या अभ्यासकाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात असे खेळाडू आठवड्याला सरासरी बावीस तासांहून अधिक काळ खेळत असल्याचे आढळले. म्हणजे महिन्याला सुमारे ९५ तास आणि तासाला पडले जेमतेम चौदा रुपये. चित्रपटाच्या तिकिटापेक्षा हे कितीतरी स्वस्त, असा निष्कर्ष त्यातून काढला जातो.

हा हिशेब तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण त्यात एक मूलभूत घोटाळा आहे. येथे वेळ हा ‘मिळालेला माल’ मानला आहे. वस्तुतः तो ‘दिलेली किंमत’ आहे. जितके अधिक तास, तितका सौदा चांगला, असे एकदा मान्य केले की रटाळ, लांबवलेले आख्यान आटोपशीर आख्यानाहून श्रेष्ठ ठरते आणि न संपणारे आख्यान सर्वश्रेष्ठ. आपल्या परिचयाच्या भाषेत सांगायचे तर चार श्रेयांकांच्या एका विषयाला ६० तास लागतात. सरासरी खेळाडू महिन्याभरात दीड विषयाचा वेळ खेळाला देतो. खरी किंमत तेराशे रुपये नसून ही आहे. ती देऊ नये, असे मला म्हणायचे नाही. परंतु हिशेब मांडायचाच तर तो योग्य रकान्यात मांडावा.

आता ‘भूमिका’ या शब्दाकडे वळू. दशावतारी नटाजवळ लिखित संहिता नसते. त्या रात्रीचे आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात, प्रवेशांचा क्रम समजतो आणि मग एका बाकड्याचे सिंहासन मानून संवाद जागच्या जागी रचले जातात. समोरच्या नटाने टाकलेला युक्तिवाद उचलून परतवणे हेच तेथील कौशल्य. संकासुरासारखे पात्र मालवणीतून गावातल्या ताज्या घडामोडींवर टोले हाणते, ते त्या रात्रीपुरते असतात; दुसऱ्या गावी दुसरे. ऑनलाइन खेळात याच्या उलट स्थिती आहे. पात्राचे रूप, वस्त्रे आणि शस्त्रे यांची निवड अफाट. पण बोलणे सगळे आधीच लिहून ठेवलेले. ‘भूमिका’ या शब्दाचा तेथील प्रचलित अर्थही पाहण्याजोगा आहे. मार झेलणारा, जखमा भरणारा आणि घाव घालणारा या तीन कामांना तेथे भूमिका म्हणतात. जे थोडे खेळाडू खरोखर पात्र होऊन बोलू इच्छितात, त्यांच्यासाठी ‘वॉरक्राफ्ट’मध्ये वेगळे सर्व्हर काढावे लागले, यातच सारे आले. फ्रेंच विचारवंत रॉजे काय्वा याने १९५८ मध्ये खेळांचे स्पर्धा, नशीब, सोंग आणि भोवळ असे चार प्रकार सांगितले. या खेळांच्या नावात सोंग आहे. व्यवहारात मात्र स्पर्धा आणि नशीब यांचेच राज्य चालते.

मराठीत आपण ‘नाटकात काम करतो’. अभिनयाला काम म्हणण्यातला जिव्हाळा आपल्या कानांना सवयीचा असल्याने जाणवत नाही. ऑनलाइन खेळातही काम असते, पण ते कचेरीतले. यीने २००६ मध्येच मांडले होते की हे खेळ खेळाडूला अधिक चांगला नोकरदार बनवण्याचे शिक्षण देतात आणि खेळ व श्रम यांतील सीमारेषा पुसतात. प्रारंभीच्या ‘वॉरक्राफ्ट’मध्ये मोठ्या मोहिमेला ४० जण लागत आणि एका राक्षसाच्या वधानंतर मिळणाऱ्या वस्तू मोजक्याच असत. त्या कोणाला द्याव्यात? यासाठी खेळाडूंच्या संघांनी हजेरीवर गुण देण्याची पद्धत अवलंबिली. तिचा उगम ‘एव्हरक्वेस्ट’च्या काळातला. पंचाहत्तर टक्के उपस्थितीचा नियम ज्यांना महाविद्यालयात जाचतो, तेच विद्यार्थी मध्यरात्री स्वेच्छेने हजेरीपटावर नाव लावतात, याचे आपण प्राध्यापकांनी नवल करावे की त्यातून काही शिकावे, हा प्रश्न मी खुला ठेवतो.

परंतु माझ्या मते या खेळांच्या मूल्यमापनाचा कळीचा मुद्दा शेवटाचा आहे. वर्गणीवर चालणाऱ्या खेळात निर्मात्याचे उत्पन्न खेळाडू पुढच्या महिन्यात राहण्यावर अवलंबून असते. मोहिमांचे बक्षीस आठवडा बाजारासारखे ठरलेल्या वारी पुन्हा भरते; नव्या विस्तारात जुनी दुर्मीळ तलवार निकामी ठरते. ‘वॉरक्राफ्ट’च्या चाचणीकाळातील एक हकीकत बोलकी आहे. फार वेळ सलग खेळणाऱ्याला मिळणारे गुण निम्मे करण्याची योजना होती. तिला दंड समजून खेळाडू रागावले. तेव्हा निर्मात्यांनी तीच घट उलट बाजूने मांडली: विश्रांती घेतलेल्यास दुप्पट, एरवी नेहमीइतके. तक्रार थांबली. रचना माणसाच्या वेळेशी किती बारकाईने बोलत असते, हे यावरून कळावे.

दशावताराला असा शेवट टाळता येत नाही. उजाडते, दहीहंडी फुटते, रंग धुतले जातात, पेटारे भरले जातात आणि मंडळ पुढच्या गावाला निघते. नटाने काही जमवले असेल तर ते त्याच्या वाणीत राहते, प्रेक्षकाने जमवले असेल तर त्याच्या स्मरणात. ऑनलाइन खेळातील कमाई मात्र कंपनीच्या यंत्रावर राहते आणि करारानुसार ती खेळाडूच्या मालकीची नसते. मराठीत ‘वर्गणी’ देणारा कार्याचा वाटेकरी होतो. येथील वर्गणीदार केवळ भाडेकरू असतो. करार संपल्यामुळे जानेवारी २०२३ मध्ये चीनमधील ‘वॉरक्राफ्ट’चे सर्व्हर बंद झाले आणि तेथील खेळाडूंची अनेक वर्षांची पात्रे एका रात्रीत अप्राप्य झाली. २०२४ मध्ये तो खेळ परतला; परंतु ‘सिटी ऑफ हीरोज’ या खेळाचे अधिकृत सर्व्हर नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद झाले, ते कंपनीने पुन्हा उघडले नाहीत.

दशावताराची बाजू घेऊन एकतर्फी निवाडा देणेही योग्य होणार नाही. आज आपल्याच जिल्ह्यात ट्रिकसीनयुक्त प्रयोग आणि निरनिराळ्या मंडळांतील नामवंत नटांना एकत्र आणणारे ‘संयुक्त दशावतार’ लोकप्रिय आहेत. आडदशावताराला अनेक ठिकाणी कात्री लागली आहे. प्रेक्षकाचा वेळ आणि त्याची चमत्काराची भूक यांचा दाब तेथेही आहे. शिवाय ऑनलाइन खेळाच्या पारड्यात दोन गोष्टी प्रामाणिकपणे टाकल्या पाहिजेत. पहिली, तेथे जमणारी सोबत. एकमेकांचा चेहराही न पाहिलेल्या माणसांनी महिनोन्‌महिने एकत्र अपयश पचवून मोहीम फत्ते करणे हा अनुभव खोटा नाही; गावाबाहेर, परमुलखात एकट्या राहणाऱ्या तरुणाला तर तो आधार ठरू शकतो. दुसरी, वर्गणीचा उघडेपणा. ‘फुकट’ म्हणून भ्रमणध्वनीवर येणारे आणि मग पेटी उघडण्यासाठी, वाट पाहणे टाळण्यासाठी पैसे मागत राहणारे खेळ पाहिले की ठरलेली रक्कम सांगून घेणारा खेळ सज्जन वाटू लागतो. केंद्र सरकारच्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग अधिनियमाने पैसे लावून खेळण्यावर बंदी घातली, पण पणाचे स्वरूप नसलेली वर्गणी घेणाऱ्या सामाजिक खेळांना वाव ठेवला. कायद्याने पैशाचा विचार केला आहे. वेळेचा विचार कायदा करीत नाही, आणि तो त्याने करावा अशी अपेक्षाही नाही.

या दृष्टीने ‘फायनल फँटसी १४’ हा खेळ विशेष अभ्यसनीय आहे. २०१० मध्ये आलेली त्याची पहिली आवृत्ती सपशेल फसली. २०१३ मध्ये तो नव्याने रचून आणला गेला. त्याचा मुख्य दिग्दर्शक नाओकी योशिदा याने, नवे काही नसेल तेव्हा वर्गणी थांबवून दुसरे खेळ खेळावेत आणि मग परत यावे, असे खेळाडूंना जाहीरपणे सुचविले आहे. या खेळाला कथा आहे आणि तिला पर्व संपल्याचा ठळक टप्पा आहे. मी स्वतः त्याचा विनामूल्य भाग खेळून पाहिला. पहिल्या पर्वातील कितीतरी प्रवेश केवळ निरोप पोहोचवण्याचे आहेत. नायक जगाचा त्राता की टपालवाला, असा प्रश्न पडतो. २०२० मध्ये निर्मात्यांनी स्वतःच त्यातील बरेच प्रवेश छाटले, यापेक्षा मोठी समीक्षा आणखी कोणती करणार? परंतु पुढच्या ‘हेवन्सवर्ड’ या पर्वात पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या युद्धाचे कारण असलेला इतिहासच धर्मसत्तेने खोटा सांगितला होता, हे जसजसे उघड होते, तसतशी कथा पकड घेते. त्या भागाला दिलेले तास मला वाया गेल्यासारखे वाटले नाहीत. ते पर्व संपल्यावर रोजच्या नेमून दिलेल्या कामांसाठी पुन्हा पुन्हा तेथे जावे, असेही वाटले नाही.

तेव्हा माझा निवाडा असा: कथेसाठी, एका पर्वापुरती, एक-दोन महिन्यांची वर्गणी वेळेच्या दृष्टीने समर्थनीय आहे; सोबतीसाठी ती तेव्हाच, जेव्हा त्या सोबत्यांशी खेळाबाहेरही दोन शब्द बोलावेसे वाटतात. वस्तू जमवण्यासाठी आणि हजेरी टिकवण्यासाठी मात्र नाही. तेथे कितीही रात्री दिल्या तरी आख्यान पुढे सरकत नाही. विद्यार्थ्याशी बोलताना ‘किती तास खेळतोस?’ याऐवजी ‘सध्या कुठल्या कथेत आहेस?’ असे विचारून पाहावे. उत्तर देताना तो अडखळला, तर त्याचे त्यालाच काही समजेल.

आपल्या किनाऱ्यावर या खेळांना सोयीचा हंगाम पावसाळा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद, जत्रा संपलेल्या, दशावतारी पेटारे माळ्यावर. वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसला तरी संध्याकाळी लांबलचक असतात. ज्याला पारखून पाहायचे असेल त्याने याच दिवसांत पाहावे. ‘फायनल फँटसी १४’ २०२३ पासून सत्तराव्या पातळीपर्यंत, म्हणजे पहिली तीन पर्वे, वर्गणी न घेता खेळू देतो. वर्गणी भरलीच, तर स्वयंचलित नूतनीकरणाची खूण त्याच दिवशी काढून टाकावी.