‘रॅमचा वेग’ : एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

संगणकाच्या स्मृतीविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात ‘रॅमचा वेग’ हा शब्दप्रयोग सर्रास आढळतो. शब्द सोपा आहे. परंतु तो भिन्न अर्थांचे ओझे एकाच वेळी वाहतो आणि वाचकाची फसगत तेथेच होते. पाचाडहून रायगडाकडे निघालेल्या यात्रेकरूस हिरकणीवाडीच्या रोपवेपाशी हे अर्थ वेगळे करून पाहता येतील.

तेथे एक पाळणा वर जात असता दुसरा खाली येतो. दोराची एक ये-जा पुरी होते तेव्हा दोन खेपा गडावर पोहोचलेल्या असतात; दोर मात्र दुप्पट वेगाने धावलेला नसतो. डीडीआर जातीच्या रॅमचे कार्य याच स्वरूपाचे आहे. घड्याळाच्या प्रत्येक स्पंदाच्या चढावर एकदा व उतारावर एकदा, अशी माहितीची देवघेव दोनदा होते. म्हणून ‘डीडीआर४-३२००’ या नावातील आकडा सेकंदास होणाऱ्या देवघेवींचा, दशलक्षांत मोजलेला, आहे. स्पंदसंख्या १६०० मेगाहर्ट्‌झच असते. तेव्हा ‘३२०० मेगाहर्ट्‌झ’ असे लिहिणे चूक होय. आणि संगणकावर १६०० हा आकडा पाहून आपण नाडले गेलो असे समजणेही तितकेच चूक होय.

तिसरा अर्थ विलंबाचा. पाळणे मोठे केले तर ताशी अधिक माणसे वर जातील. पण एकट्या यात्रेकरूचा प्रवास त्यामुळे लवकर संपणार नाही. डीडीआर४-३२०० ची सोळा स्पंद विलंबाची पट्टी आणि डीडीआर३-१६०० ची आठ स्पंद विलंबाची पट्टी, या दोहोंत तो विलंब १० नॅनोसेकंदच भरतो. माहितीचा मोठा ओघ वाहून नेताना नव्या पट्टीचा लाभ निश्चित होतो. पहिला शब्द हाती येण्यास मात्र तेवढाच अवकाश लागतो.

याहून गंभीर आक्षेप निराळाच आहे. वेष्टनावर ३६०० छापलेली डीडीआर४ पट्टी यंत्रात बसवली, तरी बायोसमधील एक्सएमपी ही मांडणी चालू करेपर्यंत ती बहुधा २१३३ किंवा २६६६ यांसारख्या प्रमाणित दरानेच चालते. आणि मांडणी चालू केल्यावरही प्रक्रियक व मदरबोर्ड यांना तो दर पेलावा लागतो. छापील आकडा क्षमता सांगतो, प्रत्यक्ष गती नव्हे. अमेरिकेत याच प्रश्नावरून ग्राहकांनी एका उत्पादकाविरुद्ध दावा लावला आणि २०२५ मध्ये, दोष मान्य न करता, ५५ लाख डॉलरांची तडजोड झाली.

सामान्य वाचकास एकच शब्द पुरे, असे या शब्दप्रयोगाचे समर्थन करता येईल. परंतु खरेदीच्या निविदेत केवळ ‘वेग ३६००’ एवढेच लिहिले, तर पुरवठादार अक्षरशः अट पाळतो आणि प्रयोगशाळेतील यंत्रे वर्षानुवर्षे २१३३ वर चालत राहतात. यात दोष यंत्राचा नाही, शब्दाचा आहे. ‘स्पंदसंख्या’, ‘देवघेवदर’ आणि ‘विलंब’ हे तीन शब्द मराठीला परके नाहीत. ते वेगळे योजावेत, आणि देवघेवदरापुढे ‘छापील’ की ‘चालता’ हेही स्पष्ट करावे. एवढी दक्षता घेतली तर ‘वेग’ हा शब्द जे प्रत्यक्ष घडते त्याच्यासाठीच उरेल.