झोप लागली की नैराश्य जातं का? दोन पेपर शेजारी ठेवून

पेपरची चिकित्सा करायची म्हणजे नेमकं काय करायचं, असं पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात. आज त्यासाठी दोन पेपर घेऊ. हेच दोन का, त्याला खासगी कारण आहे. तेही आधीच सांगते, म्हणजे माझा कल कुठे आहे ते तुम्हाला कळेल.

मला नऊ वर्षांपासून निद्रानाश आहे, सोबत नैराश्यही. रात्री दोनला जाग, मग पाच वाजेपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं. दिवसा समोरचं वाक्य तीनदा वाचावं लागतं. आई म्हणते डोक्याला तेल लाव, गाइड म्हणतात वेळापत्रक कर. अशाच एका रात्री तीन वाजता मला पहिला पेपर सापडला.

२००८ साली 'स्लीप' या नियतकालिकात स्टॅनफर्डच्या रेचल मॅनबर आणि सहकाऱ्यांनी तो छापला. नैराश्य आणि निद्रानाश दोन्ही असलेली ३० माणसं घेतली. एका गटाला निद्रानाशासाठीची बोधात्मक वर्तन उपचारपद्धती दिली, म्हणजे सीबीटी-आय. त्यात अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करतात, झोप येत नसेल तर उठायला लावतात, सकाळी उठायची वेळ पक्की ठेवतात. दुसऱ्या गटाला तिच्यासारखीच दिसणारी तुलनेची उपचारपद्धती. पहिल्या गटात ६१.५ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं, दुसऱ्यात ३३.३ टक्के. शीर्षकातच म्हटलंय की सीबीटी-आयमुळे नैराश्याचा निकाल सुधारतो.

मी ठरवलं, गोळी बंद करायची आणि फक्त झोपेवर काम करायचं. नशिबाने आधी माझ्या डॉक्टरांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "दोन्ही गटांना गोळी चालू होती, हे वाचलंस का?"

नव्हतं वाचलं. म्हणजे डोळ्यांखालून गेलं होतं, डोक्यात गेलं नव्हतं. दोन्ही गटांना एस्सिटॅलोप्रॅम होतंच. प्रश्न 'गोळी की झोप' असा नव्हताच, 'गोळीवर झोपेची भर घातली तर काय' असा होता. आणि मी संख्याशास्त्रात पीएचडी करतेय! म्हणून पहिली सवय लावा: निकालाआधी तुलनेच्या गटाला काय मिळालं ते वाचा.

आता ६१.५ कडे बघा. तीस माणसं, दोन गट, म्हणजे एका गटात पंधराच्या आसपास. तिथे एका माणसाची किंमत सुमारे ७ टक्के. दोन-तीन माणसं इकडची तिकडे झाली की तो डोळ्यात भरणारा फरक बराचसा विरतो. लेखकांनी सारांशात याला पायलट अभ्यास म्हटलंय आणि निष्कर्षाची भाषाही आशादायक इतपतच ठेवलीय. शीर्षक मात्र खात्रीने बोलतं. माझी पहिली तक्रार तिथे आहे. रात्री तीन वाजता माणूस शीर्षकच वाचतो.

दुसरा मुद्दा मोजपट्टीचा. नैराश्य हॅमिल्टनच्या मापनश्रेणीने मोजलं होतं. तिच्या १७ बाबींपैकी ३ झोपेच्याच आहेत: झोप लागायला त्रास, मध्येच जाग, पहाटे लवकर जाग. प्रत्येकीला जास्तीत जास्त २ गुण, म्हणजे एकूण ६. नैराश्य ओसरलं असं साधारण ७ किंवा त्याहून कमी गुणांना म्हणतात. मग फक्त झोप सुधारली, मन होतं तिथेच राहिलं, तरी काही जण ती रेषा ओलांडू शकतात. ज्यावर उपचार केले तेच मोजपट्टीत शिरलेलं असेल, तर झोपेच्या बाबी वगळून निकाल टिकतो का, हे विचारायलाच हवं.

मॅनबर यांच्याच नेतृत्वाखाली २०१६ मध्ये मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, १५० माणसांची. पुन्हा दोन्ही गटांना नैराश्यावरचं औषध. निद्रानाश सीबीटी-आयच्या गटात जास्त कमी झाला. नैराश्य ओसरण्याचं प्रमाण ४४ टक्के विरुद्ध ३६ टक्के. फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थ नाही. स्वतःचीच कल्पना मोठ्या सॅम्पलवर तपासून असा निकाल छापणं, याला माझे पूर्ण गुण.

पण त्यातही एक ठिकाणी थांबा. ज्यांचा निद्रानाश सहाव्या आठवड्यापर्यंत कमी झाला, त्यांचं नैराश्य पुढे ओसरण्याची शक्यता जास्त होती, असं विश्लेषण तिथे आहे. वाचून पुन्हा आशा वाटते. पण कोणाची झोप सुधारली हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं. आजार आतून सौम्य होत असेल तर झोप आधी सुधारेल, मन मागून. यादृच्छिक विभागणीचं संरक्षण इथे पूर्ण मिळत नाही. हा धागा पुढच्या संशोधनाला उपयोगी आहे, पुरावा म्हणून कच्चा.

आणि हे निकाल कोणासाठी नाहीत तेही बघा. मेजर डिप्रेशनच्या व्याख्येतच ज्यांना कधी उन्माद झालाय ते बसत नाहीत. द्विध्रुवीय आजारात झोप कमी केल्याने उन्माद उसळू शकतो, म्हणून अंथरुणातला वेळ कमी करण्याचा भाग तिथे फार जपून करावा लागतो. पेपर वाचून घरच्या घरी प्रयोग करू नका, हे मी स्वतःलाच बजावतेय.

मग सीबीटी-आय निरुपयोगी का? मुळीच नाही. झोपेसाठी ती चालते, हे दुसऱ्या पेपरनेही दाखवलं. मीही ती केली, गोळी चालू ठेवून. पहिले पंधरा दिवस हाल झाले. आता बऱ्याच रात्री सलग पाच तास मिळतात. नैराश्य गेलेलं नाही, ते येतं-जातं. पण झोप सुधारली तरी मन का सुधारत नाही, म्हणून स्वतःला दोष देणं थांबलं. ४४ आणि ३६ या आकड्यांनी मला तेवढं दिलं.

तुमच्या विषयातला तुम्हाला सगळ्यात आवडलेला पेपर काढा. जो खरा असावा असं तुम्हाला मनापासून वाटतं, तोच. तुलनेचा गट, माणसांची संख्या, मोजपट्टी, आणि तो कोणाला लागू नाही, हे चार प्रश्न त्याला विचारा. नावडत्या पेपरातल्या चुका सापडतातच. हा जड जाईल.