‘सीएनजी सुरक्षित आहे’ : पण नेमकं काय सुरक्षित आहे?

आज एकाच वाक्यावर टीका करायची आहे. ‘सीएनजी हवेपेक्षा हलका असल्यामुळे पेट्रोलपेक्षा सुरक्षित आहे.’ सेमिनार पेपर असो की प्रोजेक्ट रिपोर्ट, हे वाक्य पहिल्या दोन पानांत भेटतंच. माझ्या सिनॉप्सिसमध्येही होतं. सरांनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, “काय सुरक्षित? वायू, टाकी की गाडी?” मला उत्तर देता आलं नाही.

आधी या वाक्यातलं खरं मान्य करू. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका आहे, उघड्यावर गळला तर वर निघून जातो. हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असेल तरच तो पेटतो. आपोआप पेट घेण्याचं तापमान ५४० अंशांच्या आसपास, म्हणजे पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट. हे सगळं बरोबर आहे. पण हे गुणधर्म वायूचे आहेत आणि निष्कर्ष काढलाय गाडीबद्दल. गडबड इथेच आहे.

पहिली गोष्ट, ‘वर निघून जातो’ हे उघड्या हवेत. आपल्याकडे टाकी असते डिकीत, आणि बऱ्याच गाड्यांत डिकी आणि बसायची जागा यांच्यामध्ये फक्त मागची सीट असते. तिथे गळलेला वायू जाणार कुठे? छताखाली साठणार. म्हणून तर एआयएस ०२८ या मानकात बंद जागेतल्या टाकीच्या व्हॉल्व्हभोवती वायू न झिरपणारं आवरण आणि त्यातून गाडीबाहेर जाणारी नळी सांगितली आहे. हलकेपणा पुरेसा असता, तर या नळीची गरजच काय होती?

दुसरी गोष्ट दाबाची. कारच्या टायरमध्ये दोन-अडीच बार दाब असतो, सीएनजी टाकीत २०० बार. म्हणजे धोका फक्त आगीचा नाही, टाकी फुटण्याचाही आहे. तो वायूच्या रसायनापेक्षा पोलादावर अवलंबून असतो: गंज, पोचे, खरचटलेले व्रण. गॅस सिलिंडर नियम २०१६ नुसार गाडीतल्या सीएनजी टाकीची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते, ती यासाठीच. या टाक्यांना मान्यता देणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे आणि किट तपासणारी एआरएआय पुण्यात. तरी आपले पेपर वायूच्या तक्त्यापुढे जात नाहीत.

तिसरी चूक कायद्याच्या रकान्यात होते. सर्व्हेत आपण विचारतो, ‘किट कायदेशीर आहे का? हो / नाही.’ पण ‘कायदेशीर’ ही एकच गोष्ट नाही. किट मान्यताप्राप्त हवं, ते अधिकृत वर्कशॉपमध्ये बसवलेलं हवं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद हवी आणि हायड्रो टेस्टची मुदत संपलेली नको. पहिल्या दिवशी सगळ्या अटी पाळणारी गाडी चौथ्या वर्षी एका अटीत नापास होऊ शकते, आणि मालक तरीही ‘हो’ वर टिक करतो, अगदी प्रामाणिकपणे. घरगुती एलपीजी सिलिंडर व्हॅनमध्ये जोडणं तर सरळ बेकायदा. शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की तळाशी बसतो. तरी दोन्ही इंधनं ‘गॅस गाडी’ या एकाच रकान्यात टाकली जातात.

उलट बाजूनेही हीच घाई दिसते. पेपरातली स्फोटांची कात्रणं जमवून ‘सीएनजी धोकादायक’ म्हणणारे निबंध असतात. अशा किती गाड्या रस्त्यावर आहेत, तो छेदच नाही! त्यात गाडीला लागलेली आग आणि फुटलेली टाकी या दोन वेगळ्या घटना. आग वायरिंगमुळेही लागते.

हे वाक्य इतकं घट्ट का बसलं? मला वाटतं, ‘स्वच्छ’ आणि ‘सुरक्षित’ हे शब्द आपण नकळत एक केले. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिल्लीच्या बस सीएनजीवर न्यायला सांगितलं, ते हवेच्या प्रदूषणासाठी. त्या आदेशावरून डिकीतल्या टाकीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

मग लिहायचं कसं? माझं वाक्य आता असं आहे: ‘मान्यताप्राप्त किट, बाहेर काढलेली नळी आणि मुदतीतली हायड्रो टेस्ट असलेल्या गाडीत सीएनजीचे गुणधर्म सुरक्षेला मदत करतात.’ लांबलचक आहे, मान्य. पण यातली प्रत्येक अट गाडीपाशी जाऊन तपासता येते: पाटीवरची तारीख वाचा, नळी कुठे उघडते ते वाकून बघा.

शाळेच्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवर बसलेलं पोर टाकीवरची तारीख बघत नाही. ती कुणीतरी बघायला हवी. संशोधकाने ‘वायू हलका असतो’ एवढं लिहून फाईल बंद केली, तर त्या बघणाऱ्याला आपण काहीच दिलं नाही.