सनद आणि वहिवाट

इसवी सन १९०० च्या जानेवारीत, तेव्हाच्या बिलासपूर जिल्ह्यातील पेंड्रा या जमीनदारीच्या गावाहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले, त्या वेळी त्याचे संपादक माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर आणि मालक वामन बळीराम लाखे हे तिघेही मराठी घरांतले होते, ही गोष्ट रायपुरातील मराठी मंडळी मोठ्या अभिमानाने सांगतात. परंतु या तिघांनी आपले मासिक मराठीत का काढले नाही, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही, आणि माझ्या मते या प्रदेशाच्या वाङ्मयीन स्वत्वाची सारी कथा त्या एका प्रश्नात दडलेली आहे.

सप्रे यांनी पेंड्र्याच्या राजकुमाराची शिकवणी करून जी थोडी पुंजी जमविली, ती या मासिकात ओतली. छत्तीसगढ हा त्या काळी मध्यप्रांतातील केवळ एक विभाग होता. त्याचे राज्य व्हावयास पुढे १ नोव्हेंबर २००० हा दिवस उजाडावा लागला. म्हणजे सरकारदप्तरी ज्या राज्याची नोंद शतकभराने व्हावयाची होती, त्याचे नाव एका मासिकाच्या मुखपृष्ठावर आधीच येऊन बसले. मासिक तीनच वर्षे चालले. पण एप्रिल १९०१ च्या अंकातील ‘एक टोकरीभर मिट्टी’ ही, जमीनदाराला निरुत्तर करणाऱ्या विधवेची कथा अनेक अभ्यासक हिंदीतील पहिली लघुकथा मानतात, आणि भिडेमुर्वतीवाचून लिहिलेल्या त्यातील पुस्तकपरीक्षणांनी हिंदी समीक्षेला शिस्त लावली. ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारेही सप्रेच. त्यांच्या थोरवीला बाध न आणता एवढे म्हटलेच पाहिजे, की त्यांनी पुणे आणि नागपूर येथील विचारधन हिंदी मुलखात पोहोचविले. शिवनाथ आणि महानदी यांच्या काठी नांगर धरणाऱ्याच्या तोंडची भाषा मात्र त्यांच्या पानांत मानाने बसली नाही.

येथे अमेरिकेचे उदाहरण आठवते. १८२८ साली वेब्स्टरने अमेरिकन इंग्रजीचा कोश सिद्ध केला आणि १८३७ साली एमर्सनने हार्वर्डच्या विद्वानांसमोर युरोपची ओंजळ सोडण्याचा उपदेश केला. या झाल्या सनदा. सनदेने हक्क सांगता येतो, ताबा मिळतो तो वहिवाटीने. आणि ती वहिवाट पाडली मार्क ट्वेनने, जेव्हा १८८४-८५ मध्ये मिसिसिपीकाठच्या एका अर्धशिक्षित पोराला त्याच्याच अशुद्ध बोलीत आख्खी कादंबरी सांगू दिली. योगायोग असा, की त्याच १८८५ साली हिरालाल काव्योपाध्याय यांनी छत्तीसगढीचे व्याकरण रचले, आणि पुढे १८९० मध्ये ग्रियर्सनने ते इंग्रजीत आणले. सनद आम्हालाही लवकरच मिळाली होती. उशीर झाला तो वहिवाटीला.

ती पाडणारा पुरुष रायपूरचाच. १९२३ साली येथे जन्मलेले हबीब तन्वीर लंडनला नाट्यशिक्षण घेऊन परतले आणि १९५८ पासून त्यांनी छत्तीसगढच्या ‘नाचा’तील कलावंतांना दिल्लीच्या रंगभूमीवर उभे केले, पण गावच्या आखाड्यात तीन बाजूंनी बसलेल्या प्रेक्षकांना रात्रभर हसविणारे हे नट दिल्लीत अवघडून जात. याचे कारण हबीबसाहेबांना कित्येक वर्षांनी उमगले, आणि विशेष म्हणजे त्यांनी ते स्वतःचा प्रमाद म्हणून उघड कबूल केले: आपण त्यांना हिंदी बोलावयास लावीत होतो आणि रंगमंचावर खडूने आखल्याप्रमाणे चालवीत होतो. १९७३ च्या रायपुरातील नाचा शिबिरानंतर त्यांनी हा लगाम कायमचा सोडला. १९७५ साली ‘चरणदास चोर’ आले. विजयदान देथा यांनी लिहिलेली राजस्थानी लोककथा, पण गोविंदराम निर्मलकर आणि फिदाबाई यांच्यासारख्या नटांच्या वाणीतून आणि सतनामींच्या पंथीगीतांच्या ठेक्यातून ती अशी अस्सल छत्तीसगढी झाली, की १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवातही तिला पारितोषिक मिळाले. सप्र्यांचे मासिक वाचण्यासाठी अक्षरओळख लागत होती. या नाटकातील कित्येक नटांनाही ती फारशी नव्हती.

गद्याची कहाणी वेगळी आहे. राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून अध्यापन करणारे गजानन माधव मुक्तिबोध यांची घरची भाषा मराठी, लेखणीची हिंदी. त्यांचे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीचेच कवी राहिले. २०२४ च्या ज्ञानपीठाने गौरविले गेलेले विनोदकुमार शुक्ल यांच्या मितभाषी हिंदीत मला इकडच्या मातीची चाल ऐकू येते, तरी ती हिंदीच. २८ नोव्हेंबर २००७ रोजी विधानसभेने छत्तीसगढीला राजभाषेची सनद दिली. पण दफ्तरातील कागद अद्याप बहुधा हिंदीतच चालतो, आणि छत्तीसगढी गद्याची वहिवाट, माझ्या मते, अजून पायवाटेएवढीच आहे.

आणि आम्ही रायपूरकर मराठी? भोसल्यांच्या अंमलात परगण्यांच्या कारभाराबरोबर आमची भाषा इकडे आली; १८५४ मध्ये तो अंमल संपला, भाषा घराघरांत उरली. बोस्टनच्या जुन्या कुलीनांनी लंडनकडे पाहावे तसे आम्ही पुण्याकडे पाहत राहिलो, आणि आमच्यातील जे खरोखर मोठे झाले ते हिंदीचे झाले. गणेशोत्सवात पुण्यामुंबईची नाटके बोलवावयास कोणाची हरकत नाही; परंतु दहांपैकी एक रात्र आमच्या मंडळांनी एखाद्या नाचा पार्टीला द्यावी, मांडव तिन्ही बाजूंनी मोकळा ठेवावा आणि पहिल्या रांगेत स्वतः येऊन बसावे, एवढी विनंती आहे.